देवीचा कौल आणि माझं स्पॅनिश

मला स्पॅनिश येत नव्हतं, आणि येतं असं मी अख्ख्या चाळीला सांगून ठेवलं होतं. चूक एवढीच. बाकी सगळं तिच्या पोटी जन्मलं. इंटरला आपटलो होतो, एका रंगाच्या पेढीत कारकुनी धरली होती, आणि समोरच्या खोलीतला माझ्याच वयाचा मुलगा पहिल्या वर्गात पास होऊन चाळीतून मान ताठ करून फिरत होता. मलाही काहीतरी हवं होतं, आणि ते असं हवं होतं की कुणाला तपासता येऊ नये. फोर्टातल्या फुटपाथवर तीस दिवसांत स्पॅनिश शिकवणारं एक पुस्तक मिळालं. त्याची सुरुवातीची पानं फाटलेली होती, त्यामुळे माझं शिक्षण नवव्या दिवसापासून सुरू झालं. पहिल्या आठ दिवसांत काय शिकवलं होतं ते मला आजतागायत माहीत नाही. पण जी भाषा आसपास कुणालाच येत नाही ती आपल्याला येते असं म्हणण्यात फार सोय असते. सकाळी नळावर बादली लावताना मी मोठ्यानं ‘बुएनोस दिआस’ म्हणायचो. शेजारच्या गोदाकाकूला वाटायचं, मी तिला उद्देशून काहीतरी वाईट बोलतोय. “काय रे मेल्या, सकाळीच शिव्या देतंस?” असं ती विचारायची, आणि चाळ हसायची. हसली तरी मानायची. महिन्याभरात मी ‘स्पॅनिश मास्तर’ झालो.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत तेव्हा दोन वास कायम असत. एक कुळथाच्या पिठीचा आणि दुसरा खळीचा. बाबा गिरणीत साच्यावर कापड विणत आणि पाळी सुटली की पोस्टरं चिकटवायला जात. त्यासाठी आई मैद्याची खळ शिजवायची. एकीकडे भात, दुसरीकडे खळ. एकदा घाईत बाबांच्या ताटात पिठीऐवजी खळच वाढली गेली, आणि त्यांनी दोन घास खाऊन “आज मीठ कमी आसा” एवढंच म्हटलं. घरात बोलणं चळवळीचं. कुठे लाठी चालली, कोण आत गेलं, कोणाचं डोकं फुटलं. खाली गल्लीत ‘झालाच पाहिजे’ सुरू झालं की आमच्या मांडणीवरची भांडीसुद्धा थरथरत असं मला वाटे. अशा घरात मी खिडकीत बसून स्पॅनिश घोकत असे. बाबा एकदाच बोलले, पण पुरेसं बोलले. “हय लोक मराठीसाठी गोळ्ये खातत, आणि आमचो झिल स्पेनचा राज्य मागता.”

गोदाकाकूचा एकुलता एक मुलगा विठूदादा बोटीवर खलाशी होता. बोटीच्या पोटात पडून त्याचा पाय मोडला आणि बोट त्याला दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरात, नन चालवत असलेल्या एका इस्पितळात ठेवून पुढे निघून गेली. पाच महिने झाले. घरात गोदाकाकू आणि सून शेवंतीवहिनी, दोघीच. वहिनी गिरणीत वायंडिंग खात्यात कामाला जायची, मुंबईतच वाढलेली, बोलणं तोडून टाकल्यासारखं. एक दिवस बोटकंपनीच्या एजंटाकडून बोलावणं आलं. इंग्रजी वाचणारा म्हणून वहिनीनं मला सोबत नेलं. तिथल्या हेडक्लार्कनं चष्म्यावरून बघत सांगितलं की मुंबईला येणारी एक बोट त्या बंदरात लागणार आहे. ती चुकली तर पुढची कधी, देव जाणे. आणि इस्पितळवाले आता त्याला आत, लांब कुठल्या तरी अनाथ पंगूंच्या घरात धाडायच्या विचारात आहेत, कारण हा माणूस कोणाचा हेच त्यांना कळत नाही. घरच्यांचं पत्र हवं, की आमच्या माणसाला सोडा, आम्ही सांभाळतो. ते त्यांच्या भाषेत हवं. इंग्रजी मसुदा त्यानं टाइप करून दिला.

“भाषांतर बाहेरून करून आणायला पंधरावीस दिवस लागतील,” तो म्हणाला. “आमची विमानटपालाची थैली शुक्रवारी चारला बंद होते. मग ह्या बोटीचं काही खरं नाही.”

वहिनी माझ्याकडे बघत होती. मी घसा साफ केला आणि म्हणालो, “त्यात काय! मी करतो.”

आज ह्या वयात, जिना चढताना दोनदा थांबावं लागतं तेव्हा, मला आयुष्यातली जी वाक्यं परत गिळावीशी वाटतात त्यांत हे पहिलं.

मसुदा सात ओळींचा होता आणि त्यात एकच शब्द तीनदा आला होता. डिस्चार्ज. आपल्याकडे ह्या शब्दाला कोण अडतं? इस्पितळातून मिळतो तो डिस्चार्ज, एवढं गोदाकाकूलाही ठाऊक. मी माझी टीचभर डिक्शनरी काढली. तिनं त्या एका शब्दापुढे चार स्पॅनिश शब्द स्वल्पविराम देऊन शेजारीशेजारी बसवले होते, आणि कुठला केव्हा वापरायचा ह्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. पहिला देस्कार्गार. दुसरा दार दे आल्ता. तिसरा देस्पेदिर. चौथा लिबेरार. दुसऱ्यातले तिन्ही तुकडे मला येत होते. दार म्हणजे देणे, दे म्हणजे चा, आल्ता म्हणजे उंच. माणसाला उंच द्यायचं म्हणजे काय करायचं? छापण्यातली चूक असणार म्हणून मी तो मनातल्या मनात बाद केला. उरलेल्या तिघांतला एक बोटीतला माल उतरवण्याचा असावा, एक नोकरीवरून काढण्याचा असावा आणि एक तुरुंगातून सोडण्याचा, पण कोण कुठला ते सांगायला कुणी नव्हतं. गुरुवारी पत्र लिहून झालं, फक्त त्या शब्दाच्या तीन जागा रिकाम्या होत्या. मी ते वहिनीला दाखवलं आणि तज्ज्ञाच्या थाटात म्हणालो, “इथे जरा विचार करावा लागेल. भाषा फार श्रीमंत आहे.”

आतून गोदाकाकूचा आवाज आला, “श्रीमंत आसा तर आमका काय? खयचो शबुद घालूचो ता तुका कळत नाय, असाच ना?”

शुक्रवारी हरताळ पुकारलेला होता. सकाळपासून ट्रॅम नाही, दुकानं बंद, पोलिसांच्या गाड्या फिरत होत्या आणि जमावबंदी लागू असल्याचं कर्णा ओरडून सांगत होता. मी कसातरी एक शब्द ठोकून निघायच्या बेतात होतो, तर काकूनं ताम्हन मांडलेलं. “देवीक इचारल्याशिवाय कागद घराभायर जावचो नाय,” ती म्हणाली. खरा कौल गावच्या देवळात गुरव लावतो. मूर्तीला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न घालतात. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. काकूनं देवीच्या नावाचा नारळ ताम्हनात उभा केला होता, त्याला शेंदूर लावला होता आणि तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून दोन्ही अंगांना डकवल्या होत्या. मी हसलो. विज्ञानयुगावर काहीतरी बोललोही. “बस खाली,” काकू म्हणाली. मी बसलो.

“गे माये, विठूक घराक आणूक ह्यो शबुद चलात काय? चलात तर उजवो कौल दी.” आणि मला, “सांग रे शबुद.”

“देस्कार्गार.”

आम्ही तिघं त्या नारळाकडे बघत बसलो. लांब परळच्या बाजूला काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. पाच मिनिटं, सात मिनिटं. डावी पाकळी सुटली. काकूनं नवीन पाकळ्या लावल्या. प्रामाणिकपणाचा झटका आला म्हणून मी दुसराही शब्द सांगितला. दार दे आल्ता. डावी. तिसरा. पुन्हा डावी. घड्याळात बारा वाजून गेले होते. पायी बॅलार्ड पिअरचं एजंटाचं ऑफिस गाठायला दीड तास, आणि रस्त्यात काय असेल ते कोणी सांगावं? वहिनीच्या हातातला रुमाल पिळून दोरी झाला होता. चौथ्या शब्दाला दोन्ही पाकळ्या हलेनात. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. काकू डोळे मिटून पुटपुटत होती. वहिनीची मान खाली. मी जांभई आल्यासारखं तोंड पुढे केलं आणि उजव्या पाकळीवर हळूच फुंक मारली.

पाकळी पडली. काकूनं डोळे उघडले, ताम्हनाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “उजवो दिल्यान,” ती म्हणाली. मी तीन जागी ‘लिबेरार’ भरलं, कागद घडी करून खिशात घातला. वहिनीनं खाली आपली सही केली. मी निघालो तेव्हा काकू म्हणाली, “शेवंते, तूय जा ह्याच्या वांगडा. एकट्याक सोडू नको.”

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर वहिनी थांबली. “भावजी, तुम्ही फुंक मारलीत.”

मी खिशातला कागद चाचपला.

“तो शब्द बरोबर आहे का?”

“वहिनी, चारला थैली...”

“बरोबर आहे का?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. आणि एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. “मला स्पॅनिश येत नाही. पुस्तकाची पहिली पानंच नाहीत. दीडशे शब्द येतात, तेही सुटेसुटे. बाकीचं पत्र मी पुस्तकातली वाक्यं जोडून केलंय. त्यात एक वाक्य हॉटेलात खोली मागण्याचं आहे.”

मला वाटलं ती रडेल किंवा मुस्काटात देईल. दुसरं बरं झालं असतं. तिनं हात पुढे केला, पत्र घेतलं आणि त्याचे चार तुकडे केले. मग चालायला लागली. मी मागून धावलो. “वहिनी, आता काय करायचं?” ती मागे न बघता म्हणाली, “चालता चालता सांगते.”

भायखळ्यापर्यंत ती बोललीच नाही. रस्ता ओसाड होता. काचा, दगड, चपला. एके ठिकाणी अश्रुधुराचा वास राहिला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळे माझी लाज जरा झाकली गेली. एका बंद दुकानाच्या फळीवर ती टेकली. “तुम्हाला घर येतं?”

“कासा.”

“आई? बायको? जेवण? बोट?”

सगळे येत होते. पाय येत होता. चालणे येत होतं, वाईट येत होतं, देणे येत होतं.

“मग तो डिस्चार्ज कशाला पाहिजे?” ती म्हणाली. “गिरणीत मुकादमाला मी इंग्रजीत सांगते का, रजा पाहिजे म्हणून? सासू आजारी, मी घरी, एवढं बोलते. त्याला कळतं. जे येतं तेवढ्यातच लिवा. एक पण शब्द न येणारा घालायचा नाय.”

कागद नव्हता. वाण्याची, स्टेशनरीची, सगळी दुकानं बंद. खिशात बाबांनी सकाळी कोंबलेली चळवळीची पत्रकं होती, रस्त्यात वाटायला दिलेली, पिवळी, एका बाजूनं छापलेली. मी एकाच्या कोऱ्या बाजूवर, फळीवर टेकवून लिहिलं. तिनं सांगायचं, मी माझ्या दीडशे शब्दांत हात घालायचा. नसला तर ती दुसरं सुचवायची. ‘त्याचं घर इथे आहे. त्याची आई इथे आहे. त्याची बायको इथे आहे. त्याचा पाय वाईट आहे. तो वाईट चालतो. चांगलं आहे. आम्ही जेवण देतो. बोट येते. तुम्ही माणूस बोटीला द्या. आम्ही इथे आहोत.’ तिनं खाली सही केली. मी आयुष्यात पुढे बरंच लिहिलं, दोन पुस्तकं छापूनही आली, पण ज्यात मला प्रत्येक शब्दाचा अर्थ माहीत होता असं लिखाण ते एकच.

भेंडीबाजाराच्या पुढे पोलिसांनी अडवलं. दोघंच होतो म्हणून जमाव झालो नव्हतो, पण हवालदारानं माझा खिसा चाचपला आणि पत्रकांचा गठ्ठा बाहेर काढला. धिप्पाड माणूस, साताऱ्याकडचा असावा. “हे रं काय?” त्यानं वरचा कागद उलटा केला. एका बाजूला मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूला कुणालाच न कळणारी अक्षरं. त्याचे डोळे बारीक झाले. “कोड हाय व्हय? गुप्त निरोप?”

“स्पॅनिश आहे साहेब,” मी म्हणालो.

“स्प्यानिश. आन् तुला येतं?”

इतके महिने ज्या प्रश्नाला मी छाती फुगवून हो म्हणत होतो त्याच प्रश्नाला आता माझी बोबडी वळली. वहिनी पुढे झाली. “ह्यांना एवढंच येतं, साहेब. ह्या कागदावर आहे तेवढंच.” आणि तिनं पाय, बोट, इस्पितळ, चारची थैली, सगळं चार वाक्यांत सांगितलं.

हवालदारानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. सव्वातीन. “वाच,” तो मला म्हणाला. “एकेक वळ वाच आन् अर्थ सांग. अडकलास की गाडीत.”

“सु कासा एस्ता आकी,” मी वाचलं. “त्याचं घर इथे आहे.” पुढची. “त्याची आई इथे आहे.” मागे गाडीचं इंजिन घरघरत होतं, आणि मी शाळेत तोंडी परीक्षेला उभा असल्यासारखा दहाच्या दहा ओळी वाचून दाखवल्या. एका ठिकाणीही अडलो नाही. ‘लिबेरार’ असतं तर तिथेच दातखीळ बसली असती.

हवालदारानं एका ओळीवर बोट ठेवलं. “चांगलं आहे, ते काय चांगलं आहे?”

“म्हणजे पाय वाईट असला तरी चालेल,” वहिनी म्हणाली.

त्यानं बाकीचा गठ्ठा आपल्याकडे ठेवला आणि तो एक कागद माझ्या हातात दिला. “ह्यात काय आक्षेपार्ह न्हाई.”

माझ्यातला शहाणा अशा वेळी गप्प बसत नाही. “आणि मागची बाजू?”

“मागचं मला वाचता येत न्हाई,” हवालदार म्हणाला. “पळा.”

चारला दहा मिनिटं असताना आम्ही हेडक्लार्कपुढे धापा टाकत उभे होतो. त्यानं कागद दोन बोटांत धरला, उलटापालटा केला, छापील मजकूर बघून भुवया उंचावल्या, पण पाकिटात घालून लाखेचा शिक्का मारला. बाहेर आल्यावर वहिनी पायरीवर बसली. पुढचे दीड महिने ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. नळावर माझी बादली भरली की बाजूला सारायची, एवढाच संबंध. मी ‘बुएनोस दिआस’ म्हणणं सोडलं. चाळीनं कारण विचारलं तेव्हा भाषा जुनी झाली असं सांगितलं. चळवळ चालूच होती, खळ शिजतच होती. पोस्टमन जिना चढू लागला की दोन दारांत तीन माणसं उभी असायची. काकू, वहिनी आणि दाराआड मी.

पत्र नाही आलं. विठूदादाच आला. काखेत कुबडी, वाळून कोळ झालेला, डावा पाय फेकत चालणारा, पण आला. गोदाकाकूनं त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, आणि त्या दिवशी त्यांच्या घरी सुरमईचं तिखलं नि तांदळाच्या भाकऱ्या अशा झाल्या की अर्धी चाळ जेवून गेली. जेवणं झाल्यावर त्यानं मला जवळ बसवून घेतलं. त्यानं सांगितलं, नननी ते पत्र सगळ्या वॉर्डात मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि वाचणाऱ्या बाईचा आवाज मधेच बसला. मग त्याच्या खाटेवरच्या भिंतीवर चिकटवायला दिलं. “मी काय केलंय माहीत आसा?” तो म्हणाला. “छापलेली बाजू भायर केलंय. पाच म्हयन्यान मराठी अक्षर बघलंय रे.” माझं एकमेव साहित्य ते असं भिंतीकडे तोंड करून लटकत राहिलं.

मग त्यानं पेटीतून एक पातळ पुस्तक काढलं. मोठी मोठी रंगीत चित्रं, घर, बोट, मांजर, आणि खाली ठळक अक्षरं. “ननबायेन तुझ्यासाठी दिल्यान. म्हणाली, ज्या पोरान पत्र लिवलान त्याका दी, पाच वर्षाच्या मानान चांगला लिवता.”

चाळ किती वेळ हसली ते लिहीत नाही. मी पेटीतले त्याचे बाकीचे कागद चाळत राहिलो, मान वर करायला लागू नये म्हणून. इस्पितळानं सोडताना दिलेला कागद हाती लागला. वरच मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘आल्ता’. मला झटकन कळलं. दुसरा शब्द. जो मी छापण्यातली चूक म्हणून बाद केला होता आणि ज्याला देवीनंही डावा कौल दिला होता! मला एवढा आनंद झाला की सांगता सोय नाही. निदान एकजण तरी माझ्यासारखं चुकलं होतं. दुसऱ्या दिवशी काकू दारात कुळीथ निवडत बसली होती, तिच्यापुढे मी तो कागद नाचवला.

“काकू, बघ. चारांतला दुसरा शब्द बरोबर होता. तुझ्या देवीनं डावा दिला. देवी चुकली!”

काकूनं सुपातला खडा काढून बाहेर टाकला. “आणि चवथ्याक फुक मारलंस, ती मी बघलंय.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“म्हणान तर सुनेक धाडलंय तुझ्या वांगडा.” तिनं सूप एकदा पाखडलं, आणि मान वर न करता म्हणाली, “आणि चुकली बिकली काय नाय. देवी शबुदांक खय नको म्हणत हुती, मेल्या? ती तुका नको म्हणत हुती.”